‘ती अभिनय करतच नाही’ : स्मिता पाटील आणि एका कौतुकाची तपासणी

(वसई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

रविवारची संध्याकाळ असूनही आपण इतके जण आलात, याबद्दल आधी आभार. तत्त्वज्ञानाचा मास्तर सिनेमातल्या नटीवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतेच आहे. ती रास्त आहे. मी सिनेमाचा जाणकार नाही. मी आयुष्यभर एकच काम केलं: लोक जे सहज बोलून जातात ते थांबवायचं आणि विचारायचं, ‘म्हणजे नक्की काय?’ आज तेच एका वाक्याच्या बाबतीत करणार आहे.

ते वाक्य मला कुठे भेटलं ते सांगतो. श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत 2024 च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवली गेली आणि जूनमध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागली. हा 1976 चा चित्रपट. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला. मी मुंबईत जाऊन तो पाहिला. माझ्या मागच्या रांगेत दोन कॉलेजच्या मुली होत्या. स्मिता पाटीलची बिंदू पडद्यावर आली आणि थोड्या वेळाने एकजण दुसरीला म्हणाली, ‘बघ ना, ही अभिनय करतच नाहीये!’

मला आनंद झाला. जवळजवळ पन्नास वर्षांनी एका विशीतल्या मुलीला ती आवडली, यापेक्षा आणखी काय हवं? पण परतीच्या विरार लोकलमध्ये ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण हेच वाक्य मीही म्हणत आलो होतो. वर्गात म्हटलं होतं, चार ठिकाणी लिहिलं होतं. भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत माझ्या लक्षात आलं की हे वाक्य वरून कौतुकाचं दिसतं, पण आतून ते हिसकावून घेणारं आहे. समजा एखाद्या सुताराला आपण म्हणालो, ‘वा, तुम्ही टेबल बनवलंच नाहीत, ते लाकडातून आपोआप आलं!’ तर तो खूश होईल का? तो म्हणेल, ‘मग माझी मजुरी?’

तर माझा आजचा मुद्दा एवढाच. स्मिता पाटीलचं कौतुक करताना आपण तिचं काम तिच्याकडून काढून घेतलं. ‘सहज’, ‘नैसर्गिक’, ‘उपजत’ हे शब्द वापरून काढून घेतलं. ते तिला परत करायचं असेल तर तिच्या भूमिका पुन्हा नीट पाहायला हव्यात.

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना ते ठाऊक आहे. जन्म 17 ऑक्टोबर 1955, पुणे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील राजकारणातले. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या दिल्या. तिथून बेनेगलांच्या नजरेला पडली. 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’. 13 डिसेंबर 1986 ला, बाळंतपणानंतर पंधरवड्यात, वयाच्या 31 व्या वर्षी गेली. म्हणजे सगळी कारकीर्द बारा वर्षांच्या आत. आमच्यात काही जणांची पीएच.डी. व्हायलाच तेवढी वर्षं लागली!

आता दूरदर्शनपासून सुरुवात करू. एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली असेल. ती जीन्स घालून स्टुडिओत यायची आणि बातम्यांची वेळ झाली की त्याच जीन्सवर साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असं सांगतात. ही गोष्ट तिच्या बेफिकिरीचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळी दिसते. विशीतली मुलगी रोज संध्याकाळी काय शिकत होती? चौकट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे शिकत होती. टेबलाच्या वर काय दिसतं, खाली काय दिसत नाही. घराघरांत बसलेल्या लोकांना वाटत होतं, किती साधी, घरातली मुलगी! तो साधेपणा रोज पाच मिनिटांत नेसला जात होता. म्हणजे बघा, ज्याला आपण ‘सहज’ म्हणतो ते पहिल्या दिवसापासून तयार केलेलं होतं.

इथे थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. आपल्याकडे शंकुक नावाचा एक विचारवंत होऊन गेला. त्याचं मत आपल्याला मुख्यतः अभिनवगुप्ताच्या टीकेतून कळतं. नट रामाची भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला नेमकं कसलं ज्ञान होतं, हा त्याचा प्रश्न. ‘हा खरोखरच राम आहे’ असं होतं का? नाही. ‘हा राम नव्हे’ असं? तेही नाही. ‘हा राम आहे की नाही कोण जाणे’, असा संशय? नाही. ‘हा रामासारखा आहे’, असं साम्य? तेही नाही. मग काय? तर चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, तसं. याला चित्रतुरगन्याय म्हणतात. चित्रातल्या घोड्यावर बसता येत नाही हे लहान मुलालाही कळतं, आणि तरी तो घोडाच असतो.

अभिनवगुप्ताला हे पटलं नाही, ती चर्चा मोठी आहे, ती आज सोडू. मला यातून एवढंच घ्यायचंय. ‘ती अभिनय करतच नाही’ म्हणणारा माणूस चित्रातल्या घोड्याला म्हणतो, ‘हा खरा घोडा आहे, कोणी काढलेलाच नाही.’ चित्र उत्तम आहे म्हणून चित्रकारच नाही, असं ठरवून टाकतो.

आता रंगभूमीकडे वळतो, कारण फरक तिथे स्पष्ट होतो. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्यांत आणखी एक थोर नटी होती, भक्ती बर्वे. आणि योगायोग बघा, 1975 सालीच तिची ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आली. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी मराठी नाटक केलं, बसवलंही त्यांनीच. प्राध्यापक अशोक जहागीरदार झाले होते सतीश दुभाषी. त्यात मंजुळा या फुलवालीची भाषा आपल्या डोळ्यांदेखत बदलते. ‘न’ आणि ‘ण’ तिला शिकवावे लागतात. प्रेक्षक प्रत्येक पायरी मोजत असतो. त्यामुळे भक्ती बर्वेंबद्दल कोणी कधी म्हणालं का, की ‘त्या अभिनय करतच नाहीत’? छे! लोक म्हणायचे, ‘काय काम करते बाई!’ काम. हा शब्द मराठी नाटकवाल्यांचा फार चांगला शब्द आहे. ‘नाटकात काम करते.’ रंगभूमीवर घाम दिसतो, दम लागलेला दिसतो, आणि उद्याच्या प्रयोगाला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. पडद्यावर घाम पुसला जातो आणि फक्त फळ राहतं.

दोघी एकाच केंद्रावरच्या. एकीला आपण काम करणारी म्हटलं, दुसरीला ‘उपजत’ म्हटलं. वर एक उपरोध असा की, जिचं काम आपण मान्य केलं तिचे प्रयोग हवेत विरून गेले आणि ते पाहणारे आता माझ्यासारखे म्हातारे उरले. आणि जिचं काम नाकारलं, तिचं काम मात्र चित्रफितीवर शिल्लक आहे, कधीही तपासता येतं. तर चला, तपासू.

पहिला पुरावा ‘भूमिका’, 1977. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला. स्मिता त्या वेळी एकवीस-बावीस वर्षांची. यातली उषा ही नटी आहे. म्हणजे स्मिताला दोन गोष्टी करायच्या होत्या. एक म्हणजे उषा, जी घरात भांडते, नवऱ्याच्या हिशेबी प्रेमात घुसमटते, बाहेर पडते, परत अडकते. आणि दुसरी, त्या उषाचा पडद्यावरचा अभिनय, जुन्या काळच्या पद्धतीचा: मुरका, ठसका, डोळे मोठे करून म्हटलेलं वाक्य. चित्रपट सुरूच होतो एका चित्रीकरणातल्या नाचाने. तो नाच आपण उषाचा नाच म्हणून पाहतो, स्मिताचा म्हणून नाही. नाच थांबतो, आणि त्याच चेहऱ्यावरून ठसका उतरतो व थकवा येतो.

आता माझा प्रश्न ऐका. जर स्मिता ‘अभिनय करतच नव्हती’, तर उषा अभिनय करत असतानाची स्मिता आणि उषा अभिनय करत नसतानाची स्मिता, हे दोन वेगळे पदर आपल्याला दिसले कसे? चित्रात चित्र काढायचं असेल तर बाहेरचं चित्र काढणारा हात पक्का लागतो. पुन्हा किशोरवयापासून पोक्त वयापर्यंतचा प्रवास. वजन कुठे टाकायचं, मान किती वेळाने वळवायची, आवाज कुठे जड करायचा, हे सगळं तिने ठरवलं. या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण आम्ही लिहिलं काय? ‘ती ही भूमिका जगली.’ जगायला काय, सगळेच जगतात!

दुसरा पुरावा त्याच वर्षीचा, जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’. गोनीदांची कादंबरी, महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत. तिथे ती चिंधी, ठाकर बाई. आपल्या पालघर जिल्ह्यात आणि रायगडात ठाकरांच्या वाड्या आहेत. डोंगरउतारावर ही माणसं कशी चालतात ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्याच वर्षी स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर नाचणारी उषा आणि इकडे डोंगरात चालणारी चिंधी, या दोघींची पावलं ताडून बघा. घरी जाऊन आवाज बंद करून दोन्ही पाहा. नुसत्या चालीवरून बायका वेगळ्या ओळखू येतात. मग ‘नैसर्गिक’ चाल कोणती? राजकारण्याच्या मुलीची नैसर्गिक चाल या दोन्हींपैकी कुठलीच नसणार.

तिसरा पुरावा ‘उंबरठा’, 1982. हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शांता निसळांची ‘बेघर’ कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा. सुलभा महाजन सुखवस्तू घर, वकील नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथे व्यवस्थापनाशी झगडते, हरते, घरी येते. तोवर घर तिच्याशिवाय नीट बसलेलं असतं. ती पुन्हा निघते. यात स्मिताने ‘भूमिका’तलं सगळं भांडवल बाजूला ठेवलंय. आवाज खाली. राग आला की चेहरा हलत नाही, उलट स्थिर होतो. हाच चित्रपट ‘सुबह’ नावाने हिंदीतही झाला आणि सुलभा तीच होती. म्हणजे तोच संयम, तेच गिळलेलं वाक्य दोन भाषांत. मराठी मध्यमवर्गीय घरातलं अंतर मराठीत एका शब्दाने राखता येतं, हिंदीत दुसऱ्या. हे आपोआप होत असेल असं ज्याला वाटतं, त्याने एकदा आपलंच घरातलं भांडण हिंदीत करून बघावं!

(हशा.)

हसा, पण आता माझ्यावरच येणार आहे. 1982 सालीच ‘नमक हलाल’ही आला. पावसातलं गाणं सगळ्यांना आठवतं. तेव्हा मी तरुण प्राध्यापक होतो आणि तरुण प्राध्यापकाला जेवढी खात्री असते तेवढी देवालाही नसते. एका छोट्या बैठकीत मी तावातावाने म्हणालो, ‘ही विकली गेली.’ समोर एक विद्यार्थिनी बसली होती. ती उठून म्हणाली, ‘सर, तुम्हाला न पटलेला अभ्यासक्रमही तुम्ही शिकवता आणि एक तारखेला पगार घेता. तुम्ही विकले गेलात का?’ मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. बैठक संपली. तिचा प्रश्न संपला नाही.

पुढे स्मिताने स्वतः दिलेलं कारण वाचनात आलं. तिने मुलाखतीत सांगितलं होतं की सुरुवातीची पाचेक वर्षं तिने व्यावसायिक चित्रपट नाकारले. मग समांतर चित्रपट जरा उभा राहिला आणि त्यांनाच ‘नाव’ हवं झालं. एक-दोन ठिकाणांहून तिला काही न सांगता वगळलं. तेव्हा तिने ठरवलं, नावच हवं असेल तर नाव कमावते. म्हणजे ज्या शुद्धतेच्या नावाने आम्ही तिला जाब विचारत होतो, त्या शुद्धतेच्या पुजाऱ्यांनीच बाजाराचा तराजू आधी हातात घेतला होता.

आणि बघा, हा ‘विकली गेली’ आरोप आणि ‘अभिनय करतच नाही’ हे कौतुक, एकाच गैरसमजातून येतात. जी काम करत नाही, नुसती ‘असते’, तिने पैशासाठी काही केलं की ते पाप ठरतं. कामगाराने ओव्हरटाइम केला तर आपण त्याला पतित म्हणत नाही. देवीने केला तर म्हणतो. आधी तिला देवी केलं कोणी? आम्हीच.

याचा अर्थ तिचं सगळंच चांगलं होतं असं नाही. समीक्षा म्हणजे श्राद्ध नव्हे. व्यावसायिक चित्रपटांत अनेकदा तिचं शरीर तिच्यावर विश्वास ठेवत नाही असं मला आजही वाटतं. नाचताना ती अर्धा क्षण मागे असते, जणू आतून कोणी विचारतंय, ‘हे कशासाठी?’ दुसऱ्या बाजूला, काही गंभीर चित्रपटांतही दिग्दर्शकाने नुसता तिचा चेहरा टिपला आणि करायला काही दिलंच नाही. मोठे डोळे, सावळा रंग, उदास नजर. ते क्षण मला आता रिकामे वाटतात. पण हे अपयशही माझ्याच बाजूने साक्ष देतं. केवळ ‘असणं’ पुरेसं असतं, तर ती कुठेही असती तरी तेवढीच परिणामकारक झाली असती. झाली नाही. जिथे करायला काही होतं तिथे झाली.

कोणी म्हणेल, पण सर, तो चेहरा तर देणगीच होती ना? होती. उत्तम सतारही देणगीच असते. सतार छान वाजली असं आपण बोलण्यात म्हणतो, पण टाळ्या वाजवणाऱ्यालाच देतो. आणि चेहऱ्याकडे, शरीराकडे वस्तू म्हणून बघण्याचं टोक ‘चक्र’च्या वेळी दिसलं. जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट. त्यातल्या अम्मासाठी तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झोपडपट्टीतली बाई उघड्यावर अंघोळ करते, कारण तिला आडोसा नाही, हा त्या प्रसंगाचा अर्थ. जाहिरातींच्या फलकांवर मात्र तोच प्रसंग मोठा करून लावला गेला. स्मिताने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. तिने प्रसंगात भरलेला अर्थ काढून टाकला आणि कातडी तेवढी ठेवली. ‘ती अभिनय करतच नाही’ हे त्याचंच सभ्य रूप आहे, असं मी म्हटलं तर आपल्याला जड जाईल. मलाही जड गेलं.

शेवटचा अडथळा मृत्यूचा. केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ ती गेल्यानंतर, 1987 मध्ये प्रदर्शित झाला. शेवटी सोनबाई हातात कोयता घेऊन उभी असते. त्या दृश्यात आम्ही तिचं मरण पाहिलं, रडलो. पण ती तिथे मरण रंगवत नव्हती! ती एका सुभेदारासमोर न हलणाऱ्या बाईची भूमिका करत होती, आणि न हलणं हे पडद्यावर सगळ्यांत अवघड काम आहे. मागे बायकांची धावपळ, लाल मिरचीची धूळ, आणि मध्ये ती स्थिर. त्या स्थिरतेला नियतीची सावली म्हणणं म्हणजे तिच्या हातचं आणखी एक काम काढून नियतीला देणं. ती एकतीस वर्षांची होती, पुढची कामं करायची होती. तिच्या कारकिर्दीचा अर्थ तिच्या मरणात नाही. मरणाने ती फक्त थांबली.

आता समारोप. ‘भूमिका’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक नाटकातलं सोंग. दुसरा, माणसाने घेतलेली बाजू. आपण म्हणतो, ‘या प्रश्नावर तुमची भूमिका काय?’ दोन्ही अर्थांत भूमिका घ्यावी लागते, आपोआप येत नाही.

आपल्या वसईतून पहाटेच्या लोकलने बायका फुलांच्या, भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जातात. मालडब्यात चढताना मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलंय. एकदा शेजारचा प्रवासी कौतुकाने म्हणाला, ‘यांना काही वाटत नाही हो, सवयच आहे.’ मीही मान डोलावली होती. तीस-चाळीस किलोचं ओझं, तीन वाजताची उठबस, गजऱ्यांचा हिशेब, आणि आम्ही म्हणतो, सवय आहे. घरात आई-बायकोच्या स्वयंपाकाला आम्ही ‘हाताला चव आहे’ म्हणतो. चव असते, पण तो हात रोज दोनदा तव्यापाशी असतो, हे विसरतो. स्मिता पाटीलबद्दल बोलता बोलता मी इथे आलो हे विषयांतर नाही. बाईचं काम चांगलं झालं की ते निसर्गाच्या खात्यावर जमा करायचं, ही आपली जुनी हिशेबपद्धती आहे. ती बदलायची तर सुरुवात निदान समीक्षेने करावी.

प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटं आहेत. इथे एक चिठ्ठी आली आहे, तीच घेतो: ‘सर, त्या थिएटरमधल्या मुलीला तुम्ही काही बोललात का?’ नाही बोललो. मध्यंतरात मागे वळलो होतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मग गप्प बसलो. तिला स्मिताचं काम पोहोचलं होतं, फक्त त्यासाठी बरोबर शब्द तिच्याकडे नव्हता. तो देणं आमच्या पिढीकडे होतं आणि आम्ही चुकीचा दिला. म्हणून तर आज हे बोललो. ती मुलगी हे कुठे ऐकत किंवा वाचत असेल, तर तिला एवढंच सांगतो: पुढच्या वेळी मैत्रिणीला म्हण, ‘बघ, काय काम करतेय ही!’